नर की मादी, विचारा गुणाबाईला

करटुलीचा वेल फुलावर नसला की नर कुठला आणि मादी कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पान तेच, तणावा तोच, मातीतला कांदा, म्हणजे कंदही तोच. फळ धरते ती मादी. नर नुसता पिवळी फुलं मिरवतो. पण जांबोटीच्या गुणाबाईला भर उन्हाळ्यात, वेल वाळून गेल्यावरही, नुसत्या कांद्यावरून कळायचं. कांदा नाकाशी धरायची, कानाशी हलवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मादी हाय. जावा घिऊन." तिच्या कांद्याला फळ धरलं नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

खरी गोष्ट एकट्या गुणाबाईला ठाऊक होती. श्रावणात रानात फिरताना फळ लागलेल्या प्रत्येक वेलाच्या बुडाशी ती एक चपटा दगड ठेवायची. उन्हाळ्यात दगड उचलायचा आणि खालचा कांदा उकरायचा, एवढीच विद्या. बाकी वास घेणं, कान लावणं हा थाट. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तो थाट तिला मनापासून आवडायचाही.

मागच्या श्रावणात मात्र पाय मोडून ती बेळगावात पडून होती, उद्यमबागेत कामाला असलेल्या लेकाकडे. रानात एकही दगड पडला नाही. आणि नेमकी या वैशाखात गावातल्या भावकूची बायको जयाबाई दारात आली. घरामागच्या परड्यात मांडव घालून करटुली लावायची तिला भारी हौस.

"आक्का, धा कांदं द्या. तुमच्या हातचंच पायजेत."

यंदा जमत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण का म्हणून विचारलं असतं, आणि ते सांगितलं की थाट संपला. गुणाबाईने एका बांधाखालचे हाताला लागले ते दहा कांदे आणले, एकेक नाकाशी धरला आणि दिले. दहात पाच-सहा माद्या निघतीलच, असा तिचा अंदाज.

निघाली एकही नाही. सगळे एकाच वेलाच्या गोतावळ्यातले नर. श्रावणात जयाबाईचा मांडव पिवळ्या फुलांनी गच्च भरला, पण एकाही फुलाच्या बुडाशी काटेरी बोंड दिसेना. गुणाबाई मनातून वरमली, आणि थोडी सुखावलीही, कारण तिला कुणी बोल लावला नाही. भावकू तर आपल्या मातीलाच शिव्या देत होता.

मग एका सकाळी दूध डेअरीच्या रांगेत शेजारची मनुबाई तिच्या कानाशी लागली. "कांदं तुमचं, त्यात खोट कशी आसंल? लावणारीचा हातच वांझ, त्येला कोण काय करणार."

जयाबाईच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती चार बायका पुढे किटली धरून उभी होती. तिला सगळं ऐकू गेलंय, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

स्वतःची इतकी लाज गुणाबाईला जन्मात वाटली नव्हती.

"मने, गप," ती म्हणाली, आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली. "मला कांद्यातलं काय बी कळत न्हाय. आदल्या सालाला फळ बघून बुडात दगड ठिवत हुतो. गेल्या साली मी हितं नव्हतो. हिला दिलं ते समदं नर हुतं. कुणी बी लावलं आसतं तरी फळ धरलं नसतं."

रांग हसली. दूध मापणारा शामूही हसला. "मग आक्का, त्यो वास घ्यायचा काय हुता?"

"नाटक."

जयाबाई तेवढी हसली नाही. ती मागे वळून जवळ आली. "आक्का, आठ दिस झालं ह्ये ऐकतोय, जावंच्या पोराला घास भरवला न्हाय मी. म्हटलं, ह्या हातानं नको."

गुणाबाईने आपली किटली शामूपुढे तशीच ठेवली, जयाबाईचा हात धरला आणि तिला जावेच्या दारापर्यंत नेलं. ती आत जाईपर्यंत सोडला नाही.