पेट्रोल ओढणारा येडबा

माझी आई सुगंधाबाई भारी संशयी. दूध पातळ लागलं तर ती शेळीवरही डोळा ठेवायची, मग नवऱ्याला कशी सोडणार? मी तिचीच लेक. मलाही तिचंच खरं वाटायचं.

बापाचं नाव येडबा, जातीनं धनगर. रोगानं मेंढरं गेली आणि तो सेलूच्या स्टेशनाजवळ बसवंतरावांच्या पेट्रोलच्या गुदामात कामाला लागला. जगभर मोठी लढाई चालू होती. पिंपावरचा हातपंप बिघडला होता आणि त्याचं चामडी वायसर कुठं मिळत नव्हतं. मग बाप पिंपात रबरी नळी सोडायचा, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचा आणि धार आली की डब्यात सोडायचा. असे दिवसाला वीस-पंचवीस डबे. तोंडात आलं की थुंकायचा, कधी गिळलंही जायचं. बसवंतराव म्हणायचे, “भिऊ नको, त्यानं पोटातले जंत मरतेत.” स्वतः मात्र लांब, वाऱ्याच्या बाजूला ओट्यावर बसायचे.

संध्याकाळी बाप झोकांड्या खात घरी यायचा. डोळे लाल, जीभ जड, भाकरी समोर आली की मळमळ. आईला एवढं पुरे होतं.

“पोरी, बापाचं तोंड हुंगून ये.”

“पेट्रोलचा वास यायलाय.”

“येणारच की! शिंदी ढोसायची अन् वरून पेट्रोलची चूळ भरायची. मी काय खुळी हाय?”

काय ही अक्कल! पण तेव्हा मला तिचं मोठं कौतुक वाटलं होतं.

बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात होती. जत्रेत देवाला पहिला भंडारा आमचाच बाप उधळायचा. पिशवीवाला पिणारा निघाला तर पिशवी जाणार, आणि बापाच्या चुलतभावाचा, लिंबाजीचा, त्या पिशवीवर डोळा होताच. कुजबुज वाढली तसा बाप भाऊबंदांसमोर देवळात गेला आणि त्यानं मुठीत भंडारा उचलला.

“थेंब जरी शिवला असंल तर माझं वाटोळं व्हईल.”

भंडारा उचलून खोटं बोलणारा आमच्यात मेल्यात जमा. तरीही आईनं त्या रात्री त्याच्या धोतराचा सोगा हुंगलाच.

चौथ्या दिवशी बाप दारातच कोसळला. त्याला बोलता येईना. आईला धास्ती एकच. लिंबाजीनं असं पाहिलं तर पिशवी तर जाईलच, वर नवरा शपथमोडा ठरेल. लोक यायच्या आत प्यालेलं बाहेर काढायचं म्हणून तिनं त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि तांब्याभर मिठाचं पाणी पाजलं. आमच्यात पिणाऱ्याची अशीच उतरवतात. मी पाय धरले होते. हो, मीच.

बापाला भडाभडा ओकारी झाली आणि मग असा ठसका लागला की ओठ निळे पडले. अंगणभर पेट्रोलचा भपकारा सुटला. शिंदीचा आंबूस वास कुठंच नव्हता. आई ओकारीवर वाकून हुंगत राहिली.

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, “उलटी कुणी काढली? पेट्रोल पोटात राहिलं असतं तर निभावलं असतं. ओकताना ते फुप्फुसात उतरलं.”

बाप वाचला, पण चार पावलांवर त्याला दम लागायचा. गावाचा संशय आता आईवर वळला. बायकोनं काय पाजलं? कुणासाठी पाजलं? लिंबाजीनं भाऊबंद बसवले. आई खरं सांगायला उठली, तेवढ्यात बापानं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

“पेलो व्हतो म्या,” तो धापा टाकत म्हणाला. “भंडारा खोटा उचलला. तिनं मला वाचवायला पाणी पाजलं. तिला कुणी बोलू नका.”

पिशवी त्याच दिवशी लिंबाजीच्या घरी गेली. आई घरी येऊन भिंतीवर डोकं आपटून रडली. “खरं का सांगू दिलं न्हाई?” बाप म्हणाला, “सांगून तुला गावात ऱ्हाता आलं असतं का?”

सव्वा वर्षानं बाप गेला. आमच्यात मेलेल्याच्या कपाळाला देवाच्या त्याच पिशवीतला भंडारा लावतात. आई अनवाणी लिंबाजीच्या दारात गेली, पदर पसरला आणि सारं खरं सांगितलं: नळी, पेट्रोल, मिठाचं पाणी, बापानं अंगावर घेतलेलं खोटं.

लिंबाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मेल्यावर नवऱ्याला चांगला करायलीस व्हय?” आणि दार लावून घेतलं.