गुरुपादप्पांच्या मानेवरची गाठ

...तर सुईचं नाव काढल्याबरोबर गुरुपादप्पा खुर्चीतून उठले, इथपर्यंत काल आलो होतो. हे रेणापूरचे अडत दुकानदार. दुष्काळानं बाजारात माल नाही, त्यामुळं दिवसभर गादीवर बसून मानेवरची सुपारीएवढी गाठ चाचपायची, एवढाच धंदा उरलेला. बाकी माणसाची ख्याती मोठी. पोत्यात लोखंडी पोकळ सळई खुपसून तळातला दाणा हातावर घेतल्याशिवाय सख्ख्या भावाचीही तूर घेणार नाहीत. तेच अप्पा लातूरच्या दवाखान्यात म्हणतात, "त्यात बघायचं काय? कापून फेका."

डॉक्टर पंचशीलाबाई सूर्यवंशी शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, गाठ कशाची हे वरून कळत नाही. साधी चरबीची असली तर राहू द्या. टीबीची असली तर गोळ्यांनी जाईल, चाकू लागणार नाही. आणि कॅन्सरची असली तर मूळ कुठं आहे, कुठवर कापायचं, हे आधी ठरवावं लागतं. अंदाजानं अर्धवट कापली की पुढचं सगळं अवघड होतं. म्हणून आधी बायोप्सी. सुईनं बारीक तुकडा काढून अंबाजोगाईला तपासायला पाठवू."

"अंबाजोगाई तर बीड जिल्ह्यात हाय," अप्पा म्हणाले. "आमचं लातूर आता जिल्हा झालंय, बाई. माझ्या मानेचा तुकडा परजिल्ह्यात कशाला जाईल?"

टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो आम्ही, पण जिल्हा होता ना. अप्पांचा तोरा असा, जणू यांनीच तो पदरचे पैसे घालून आणलेला. शिवाय गाठीला सुई लागली की ती चवताळते, हे ज्ञान त्यांना चहाच्या टपरीवर मिळालेलं. सुईला चवताळणारी गाठ चाकूला मात्र नमस्कार करणार होती.

"नांदेडला जातो. तिथं लगेच कापत्यात," म्हणून निघाले. नांदेड कुठल्या आपल्या जिल्ह्यात आलं, हे विचारायची सोय नव्हती. मी बरोबर गेलो, असला तमाशा कोण सोडतो? तिथल्या डॉक्टरांनी गाठ दाबून पहिलाच प्रश्न केला, "बायोप्सी केली का?" परतीच्या एसटीत अप्पा खिडकीबाहेर करपलेली रानं बघत बसले.

घरी बायको, दानम्मा, वाट बघून बघून डोळे सुजलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तूर घेताना तळातला दाना बघताव, आन मान न बघताच कापाय देताव? कॅन्सर असला आन अर्धाच कापला, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

दुसऱ्या दिवशी अप्पा मुकाट्यानं लातूरला गेले. सुई टोचताना मात्र असे कण्हले, की शेजारच्या बाळंतिणीनं वाकून पाहिलं. आठवड्यानं अंबाजोगाईहून उत्तर आलं. टीबीची गाठ, कॅन्सर नाही. दानम्मा तिथंच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

गोळ्या सुरू झाल्या, गाठ उतरू लागली. मी मुद्दाम दुकानात जाऊन विचारलं, "काय अप्पा, मान शाबूत राहिली. आता तरी पटलं का?"

अप्पांनी तोंड वाकडं केलं.

"पटलं की, तात्या. पर कापलं असतं तर अख्खा बाजार भेटाय आला असता. गोळ्या खानाऱ्याकडं कोन फिरकतंय?"