कूस बदलताना

किस्से काय दवाखानेवाल्यांकडेच असतात? घरात एक बाज टाकून बघा, गाडीभर साचतात! पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात माझा नवरा कापसाच्या गाडीवरून पडला, कमरेखाली हालचाल गेली, तेव्हापासूनचे हे.

खामगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सारखी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. एकटीला जमेना. सासूबाईंची मनगटं अधू. मामाजी, म्हणजे सासरे, धडधाकट; पण ते उंबऱ्यावर खोकायचे आणि सुनेनं पदर ओढून आत पळायचं, हा घरचा कायदा! मग दोघांनी मिळून उचलायचं कधी?

"मामाजींना म्हणा, खोकू नका," मी सासूबाईंना म्हटलं.

"बीए होऊन हेच शिकली काय वं?"

*

चुलतसासूबाई भेटायला आल्या. चहा पिता पिता नवऱ्यासमोरच म्हणाल्या, "आमच्या गावात असाच एक पडला होता. मोठा चांगला माणूस होता बापा!"

"होता?" त्यानं विचारलं.

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता!

*

मामेसासरे म्हणाले, "सेवा कर बेटा. सेवेनं सारं ठीक होते."

"मग बसा याच्याजवळ, मी दोन घास खाऊन येते."

त्यांना एकाएकी एसटी आठवली!

*

पायात जाणीव परतली तर चालण्याची आशा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी रोज तळपायावर काडी फिरवायची.

"कळते काय?"

"हाव."

मी आनंदानं रडले. एक दिवस काडी पायाला लावलीच नाही, नुसतं विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

त्यानंतर मी विचारणंच सोडलं.

*

एका सकाळी त्याला भिंतीकडे वळवत होते. त्याचे पाय बाजेवरून घसरले आणि मागोमाग सगळा देह घसरायला लागला. कंबर माझ्या मिठीत, पदर कुठे, कुणास ठाऊक!

"कोणीतरी या हो!" मी ओरडले.

मामाजी विहिरीवरून धावत आले, तसेच, ओल्या हातांनी. खोकले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी दोन्ही पाय धरले आणि वर घेतले. माझं डोकं उघडं, त्यांची नजर त्या पायांवर.

नवऱ्याचं तोंड भिंतीकडेच होतं.

"बाबा," तो म्हणाला, "हात किती गार हायेत तुमचे!"