युरोपचं गाऱ्हाणं

युरोपला जायचं असं आम्ही चौघींनी ठरवलं, तेव्हा आमच्यापैकी तिघींचा जायचा अजिबात विचार नव्हता. चौथीला हे ठाऊक नव्हतं, आणि तिला खरंच जायचं आहे हे आम्हांला ठाऊक नव्हतं. बाकी तयारी जोरात चालली होती.

आम्ही मालवणात एका शाळेत शिकलो. एक लग्न होऊन देवगडला गेली, तिथे त्यांची हापूसची बाग आहे. एक बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाली आणि अजून आमच्याशी काउंटरपलीकडून बोलल्यासारखी बोलते. एक समुद्राजवळ होमस्टे चालवते. तिचा नवरा सकाळी बाजारातून मासे आणतो आणि संध्याकाळी पाहुण्यांना किल्ल्याचा इतिहास सांगतो. मधलं सगळं ती करते. चौथी मी, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. मला वाचलेल्या गावांना प्रत्यक्ष जायची कधी घाई वाटली नाही. गावं पुस्तकात बरी असतात, तिथे पाय दुखत नाहीत.

सुरुवात झाली ती होमस्टेत उतरलेल्या दोन मुलींमुळे. त्यांच्या पाठीवर त्यांच्याहून मोठ्या पिशव्या होत्या. महिनाभर युरोप फिरून आलो, तेही अगदी थोडक्या पैशांत, असं त्या जेवताना सांगत होत्या. त्या दिवशी मीही पंगतीला होते. एका खोलीत आठ खाटा, ओळख ना पाळख, जो येईल तो झोपतो. होमस्टेवालीने त्यांच्या ताटात सुरमईचा तुकडा वाढला आणि विचारलं, "आठ खाटी? आणि चादरी कोण बदलता?"

मला तेव्हा वाटलं, धंद्याचा प्रश्न आहे.

पुढच्या रविवारी युरोपचं ठरवायला तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आम्ही बसलो. देवगडकरीण फोनवरून हजर होती, तिला स्पीकरवर लावून पाटावर ठेवली होती. बँकवालीने सूत्रं हाती घेतली, कारण ती युरोपला जाऊन आली होती. म्हणजे एका कंपनीबरोबर बसमधून जाऊन आली होती. युरोप तिने मुख्यत्वे उजव्या बाजूचा पाहिला, कारण तिची सीट उजवीकडे होती. पण तेव्हापासून तिची वाक्यं "आमच्या स्वित्झर्लंडात" अशी सुरू होतात. त्या स्वित्झर्लंडात तिने रोज पोहे खाल्ले होते.

"पहिला मुद्दा, महिना," ती म्हणाली.

हा पहिला मुद्दा आम्हांला जवळजवळ दोन वर्षं पुरला. एप्रिल-मे आंब्याचे, त्या वेळी देवगडकरणीला श्वास घ्यायलाही माणूस लावावा लागतो. पुढे लावणी. मग श्रावण, आणि श्रावणात माणूस परदेशात काय खाणार. मग चतुर्थी. चतुर्थीला मालवणचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी घरी येतो, आणि आम्ही त्याच वेळी उलट्या दिशेने निघायचं? मग नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न, जत्रा. नाताळात होमस्टे भरलेला. मग शिमगा. मी म्हटलं, "अधिक महिना तरी मोकळा असेल." तर देवगडकरीण पाटावरून म्हणाली, "धोंड्याच्या म्हयन्यात जावय येतले. तेंका काय युरोपातसून वाण पाठवू?"

होमस्टेवाली चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मिरगानंतर पाऊस लागता, माजो धंदो बंद असता. आंबोय संपता. लावणीक गडी आसत."

आम्ही कप उचलले. बँकवालीने दुसरा मुद्दा काढला, तो सामानाचा होता.

पाठीवर पिशवी घ्यायची की चाकांची बॅग? बँकवालीचं मत, या वयात पाठीवर ओझं म्हणजे हमाली. मी म्हटलं, युरोपातल्या जुन्या रस्त्यांवर दगड असतात, चाकं टिकत नाहीत. हे मी वाचलं होतं. तिने ते बसमधून पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला मान्य नव्हतं. शेवटी प्रयोग करायचा ठरला. होमस्टेवालीच्या मुलाची जुनी सॅक आणली, वजनासाठी तिच्यात नारळ भरले, आणि चौघींनी पाळीपाळीने ती घेऊन किनाऱ्यावरून चालायचं ठरवलं. देवगडकरीण त्यासाठी खास आली होती. बँकवाली थोडी चालली आणि होडीला टेकून उभी राहिली. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "नारळ विकूक काढल्यात काय गो?"

"युरोपाक जातंव," होमस्टेवाली म्हणाली.

"नारळ घेवन?"

ती सॅक तिने शेवटपर्यंत नेली, परतही आणली. आम्ही तिघी तोवर भेळ खात होतो.

खाण्याचा मुद्दा देवगडकरणीकडे होता. हॉस्टेलात सामायिक स्वयंपाकघर असतं असं मी वाचून दाखवल्यापासून तिला नवा उत्साह आला. तिने काय काय न्यायचं ते सांगायला सुरुवात केली: मसाला, आमसुलं, तिरफळं, उकडे तांदूळ, आणि थोडी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी.

"सुकी सुंगटं आठ खाटांच्या खोलीत?" मी विचारलं. "त्या जर्मनांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"वास तेंकाच कित्याक येता? आमका तर येणा नाय."

असं आमचं चाललं होतं, आणि मला ते फार आवडत होतं. प्रवासात जे जे त्रासाचं असतं, म्हणजे प्रवास, ते वगळून उरलेलं सगळं आम्हांला मिळत होतं. आम्ही एका खळ्यात बसून सहा देश रद्द केले, दोन परत घेतले, एकदा इटलीवरून आठवडाभर अबोला धरला. गावात आमचा रुबाब वाढला होता. बँकवाली तर मासळी बाजारातसुद्धा बांगड्याचा भाव ऐकून "तिकडे..." असं म्हणून थांबायची.

होमस्टेवाली या बैठकांत फारशी बोलत नसे. ती उठून पाहुण्यांना पाणी दे, चावी दे, बाथरूमचा नळ दाखव, असं करत असे. परत आली की विचारायची, "मगे, ठरला काय?" आणि आम्ही नवीन मुद्दा सांगायचो.

मग जत्रा आली.

तिच्या वाडीच्या जत्रेला आम्ही दरवर्षी जमतो. तिथे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे, देवाला मोठ्याने केलेला अर्ज असतो. मानाचा गावकर नारळ हातात घेऊन एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणतात. मी देवाच्या बाबतीत जरा हात राखून असते, पण "होय म्हाराजा" मात्र म्हणते. ते लहानपणापासून तोंडात बसलेलं आहे, डोक्यापर्यंत जातच नाही.

त्या दिवशी गावकराचं कोणाच्या गुरांसाठी, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी, कोणाच्या होडीच्या नव्या इंजिनासाठी मागून झालं. आम्ही तिघी खांबाला टेकून, पुढच्या वर्षी कोणाकडे जेवायला जायचं ते बोलत होतो. तोंडाने होय म्हाराजा चालूच होतं.

"बा देवा म्हाराजा," गावकर म्हणाला, "ह्यो तुज्यो चार लेकी मिरगानंतर एक म्हयनो युरोप देशाक जातत म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही तिघी म्हणालो.

"पाठीर पिशये घेवन, परक्या मुलखात, परक्या घरात रवतल्यो म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. आमची तोंडं तोवर उघडीच राहिली होती.

"वाटेत काय इडापिडा आसात, ती दूर कर. जश्यो जातल्यो तश्यो सुखरूप परत हाड, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

होमस्टेवाली पुढे उभी होती, नव्या साडीत, हात जोडून. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर बँकवाली तिच्यावर तुटून पडली. "हे कोणाला विचारून केलंस? अजून महिना ठरलेला नाही."

"आता ठरलो," ती म्हणाली, आणि जत्रेतलं गोड खाजं घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं जगणं कठीण झालं. रिक्षावाला विचारायचा, तिकिटं काढलीत? कोळीण पापलेट कापता कापता म्हणायची, "तुमी हंयच? माका वाटला गेलात." किनाऱ्यावरच्या त्या म्हाताऱ्याने नारळांचं काय झालं म्हणून चौकशी केली. बँकवाली बाजारात जायची बंद झाली. देवगडकरीण दुसऱ्या गावात असूनही सुटली नाही, तिच्या सासरच्या माणसांचं कुळही इकडचंच आहे.

शेवटी बँकवाली मला घेऊन गावकराकडे गेली. तो माडाखाली चुडतं, म्हणजे झावळ्या, विणत होता. तिने अगदी शुद्ध मराठीत विचारलं, एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का, त्याची काही पद्धत असेलच.

गावकराने हातातलं काम थांबवलं नाही. "तुमका सुखरूप परत हाडूचा काम देवाक सांगला. तुमी गेल्यातच नाय, तर तो हाडतलो कोणाक?"

"पण आम्हांला अडचण आहे."

"आसतली. पण तेका कामाक लावलास आणि आता रिकामो बसवतलास? आदी जावन येवा. मगे नारळ फेडा."

परत येताना बँकवाली एवढंच म्हणाली, "चाकांची बॅग नेली तर चालेल ना?"

मी एकटी होमस्टेवालीकडे गेले. ती पाहुण्यांच्या चादरी दोरीवर घालत होती. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "आम्हांला सरळ सांगायचंस. देवाला कशाला मधे घातलंस?"

"तुमका सांगलंय असता, तर तुमी परत चर्चा केली असती." चादरीला चिमटा लावून ती पुढे म्हणाली, "तुमका गंमत होती. माका कळत होता तां. पण माका खराच जावचां आसा गो."

"काय पाहायचंय तुला?"

"बगूचां काय, काय पण असांदे." तिने चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. "लगीन झाल्यापासून मी लोकांका चावी दितंय. खंयसून इल्यात, काय जेवतल्यात, पाणी गरम होयां काय. माका एकदा कोणीतरी चावी देवक होयी. सकाळी उठान मी भायर येतलंय आणि कोणतरी माका विचारतला, तू काय खातलंस?" मग दुसरी चादर माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर नीट. जमनीक लागता."

त्या दिवसानंतर मुद्दे भराभर संपले. देवगडकरणीने लावणीचं दिरांवर सोपवलं. सुंगटांचा विषय तिने स्वतःहून मागे घेतला. मसाला मात्र न्यायचाच होता. बँकवालीने व्हिसाचे कागद असे लावले की तिच्या रुबाबाचा पहिल्यांदा उपयोग झाला. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो तेव्हा देवगडकरीण तळेऱ्याच्या फाट्यावर आमच्या गाडीत चढली, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन, आणि पनवेलपर्यंत बँकवालीशी खिडकीवरून भांडली.

राहण्याच्या जागा शोधायचं काम माझ्याकडे होतं. स्वस्त हॉस्टेलं बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तिथे चावीच नसते. फोनवर आकडे येतात, ते दारावर दाबायचे आणि आत जायचं. कोणी भेटत नाही, कोणी काही विचारत नाही, चादर आपली आपण घालायची. म्हणजे महिनाभर आमची होमस्टेवाली आकडे दाबत फिरणार होती.

मी तिला काही बोलले नाही. दोघींना फोन करून तिचं चावीचं बोलणं सांगितलं. पोर्तुगालमधल्या समुद्रकाठच्या एका गावात एक बाई आपल्या घरातल्या दोन खोल्या देते, हॉस्टेलहून महाग आहे, पण ती स्वतः दारात चावी देते आणि सकाळचा नाश्ताही घालते, असं सांगितलं. "समुद्र बगूक तितक्या लांब?" देवगडकरीण म्हणाली, आणि लगेच, "घे गो. घे." बँकवालीला मी घाबरत होते. इटलीवरून जिने आठवडाभर अबोला धरला होता, ती म्हणाली, "माझ्या बसमध्येही कोणी विचारलं नव्हतं. पोहेच द्यायचे. बुक कर."

त्या बाईचं उत्तर दोन दिवसांनी आलं. मी फोन घेऊन होमस्टेत गेले. दुपारचं जेवण चाललं होतं, पाहुण्यांची पंगत बसली होती आणि ती सोलकढीचं भांडं घेऊन फिरत होती. मी तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"पोर्तुगालहून एका बाईने विचारलंय," मी म्हटलं. "तुम्ही सकाळी काय खाता?"

"कोण? आपण?"

"तू. तुझ्या नावाने खोली घेतली आहे. चावी तुझ्याच हातात देणार आहे ती."

बाहेरून कोणीतरी भात मागितला. तिने नवऱ्याला हाक मारली, सोलकढीचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि आतल्या खुर्चीवर बसली. जेवणाच्या वेळी तिला बसलेली मी कधी पाहिली नव्हती. नवऱ्यानेही पाहिली नसावी, तो भांडं धरून तसाच उभा होता.

"काय कळवू?" मी विचारलं.

तिने पदराला हात पुसले.

"थांब गो जरा," ती म्हणाली. "इचार करूंदे."