सरजाबाईचे पहिले मालक

परभणीत कुणाकडे बाहेरगावचे पाहुणे आले आणि त्यांना काय दाखवावं असा प्रश्न पडला, की सिद्धोधनला फोन जायचा. आधी तो रिक्षा चालवायचा. कृषी विद्यापीठात कसला कार्यक्रम असला की स्टेशनवर उतरलेले लोक त्याला विचारायचे, "इथं पाहण्यासारखं काय आहे?" स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले सरळ सांगत, "काही नाही साहेब." सिद्धोधनला ते 'काही नाही' फार झोंबायचं. शेवटी त्याने ओळखीतली एक मोठी गाडी ठरवली आणि एका दिवसाची सहल काढली. सकाळी झरी, बोरी, जिंतूर करत चारठाण्याला. तिथली पडकी देवळं, कोरीव खांब, पायऱ्यांची बारव. दुपारी सावळवाडीत जेवण आणि वाकळी शिवणाऱ्या बायकांची भेट. उन्हं उतरली की येलदरीच्या धरणाचं पाणी, आणि मग परत.

सावळवाडी हे त्याच्या आत्याचं गाव. आई गेल्यावर सिद्धोधन सरजाबाई आत्याकडेच वाढला. आत्याचे मालक आश्रुबा, म्हणजे त्याचे मामा. मामाने त्याला शाळेत घातलं, तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, बारावीला नापास झाला तेव्हा मारलं नाही. रात्री उपाशी झोपू दिलं नाही, एवढंच. सहलीतली माणसं जेवायची ती आत्याच्याच ओसरीवर. जेवण झालं की आत्या आपल्या वाकळी अंथरून दाखवायची. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक घालून बारीक टाक्यांनी शिवलेल्या. शेजारच्या दोघीतिघीही आपापल्या वाकळी घेऊन यायच्या.

सुरुवातीला सिद्धोधन खरं तेच सांगायचा. जुन्या कपड्यांपासून वाकळ होते, थंडीत ऊब देते, शिवायला पावसाळा जातो. लोक ऐकत, मान हलवत आणि फोनमध्ये बघू लागत. देवळांपाशी तासभर रमलेली माणसं इथे मात्र गाडी कधी निघणार ते विचारत. सिद्धोधनला वाईट वाटायचं. आत्याच्या टाक्यांकडे कुणी बघत नाही म्हणून वाटायचं, आणि आपली सहल इथे थंड पडते म्हणूनही.

एकदा हैदराबादहून आलेल्या एका बाईने हिंदीत विचारलं, "ये पीला कपडा किसका है?"

"उनके पति का," सिद्धोधन म्हणाला. ते खरंच होतं. मामाच्या जुन्या रुमालाचा तो तुकडा होता. मग का कोण जाणे, तो पुढे म्हणाला, "अब नहीं रहे."

बाईचे डोळे भरले. तिने वाकळीवरून हात फिरवला. सगळ्यांनी फोन खिशात ठेवले.

आश्रुबा त्या वेळी शेतात होता. दुपारी तो घरी नसायचाच. आत्याला हिंदी फारसं कळत नव्हतं. पाहुणी आपला हात धरून का रडते ते तिला समजलं नाही. हिचंच काही दुःख असेल, असं वाटून तिने तिला पाणी दिलं.

त्या दिवशी सिद्धोधनला रात्रभर कसंसंच वाटलं. पुढच्या सहलीला मात्र त्याने पुन्हा तेच सांगितलं. हळूहळू गोष्ट रंगत गेली. मालक गेल्यावर ही बाई महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस त्यांचं धोतर मांडीवर घेऊन बसली आणि पहिला टाका घातला. परतीच्या वाटेवर कुणी आत्याच्या कपाळावरच्या टिकलीचं विचारलं, तर त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं, "आम्ही बौद्ध. आमच्यात नवरा गेला म्हणून बाईला टिकली पुसायला लावत नाहीत." लोक वाहवा करायचे. ही गोष्ट त्याच्या वस्तीने, त्याच्या आजोबांनी खरोखर मानाने जपली होती. त्याने ती खोट्याला टेकू म्हणून वापरली. पुढे त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली ती याच वाक्याची.

सोयाबीन निघाल्यानंतरच्या एका रविवारी नांदेडहून माणसं आली होती. त्यात राजनंदिनी नावाच्या एक शिक्षिका होत्या. चारठाण्याला त्यांनी खूप प्रश्न विचारले आणि सावळवाडीच्या वाटेवर गाडीत सिद्धोधनची गोष्ट डोळे मिटून ऐकली. तो हे सगळं नेहमी गाडीतच सांगून टाकायचा. आत्यासमोर मराठीतून बोलायची वेळ येऊ नये म्हणून.

जेवणं झाली. वाकळी अंथरल्या गेल्या. राजनंदिनीबाई आत्याशेजारी जाऊन बसल्या आणि सिद्धोधन पाण्याचा तांब्या घेऊन पोचायच्या आत त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या मालकांच्या धोतराची वाकळ कोणती?"

"ही बगा की," आत्या म्हणाली. "लय जुनी हाय."

"त्यांना जाऊन किती दिवस झाले?"

"आत्ताच गेलेत. दळन आनायला. येतीलच."

राजनंदिनीबाईंना वाटलं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात अंगणात सायकल थांबली. मागच्या कॅरेजवरचा पिठाचा डबा सोडवत आश्रुबा म्हणाला, "चहा झाला का न्हाई पाव्हन्यांचा?"

"हे काय, आलेच," आत्या म्हणाली.

गाडीतली सगळी माणसं आधी आश्रुबाकडे आणि मग सिद्धोधनकडे बघू लागली. एक तरुण हसला आणि लगेच थांबला.

"हे कोण?" राजनंदिनीबाईंनी विचारलं.

"कोन म्हंजे? मालक."

"पण हे तर म्हणाले..." बाईंनी सिद्धोधनकडे हात केला. "तुमचे मालक वारले म्हणाले. त्यांच्या आठवणीने तुम्ही वाकळी शिवता म्हणाले."

आत्याने सिद्धोधनकडे पाहिलं. त्याच्या हातातला तांब्या तसाच होता. लहानपणी शेजारच्यांची काकडी चोरताना सापडला होता, तेव्हा आत्याने त्याच्याकडे असंच पाहिलं होतं. तिला सगळं कळलं, हे त्यालाही कळलं.

मग आत्या हसली. मोठ्याने, बळंच.

"आगं बाई, त्ये व्हय! त्ये माज्या पहिल्या मालकाचं सांगायलाय पोरगं. लगीन झालं अन् थोड्याच दिसांत गेले. हे दुसरे."

सिद्धोधनने मामाकडे पाहिलं. आश्रुबा डबा छातीशी धरून उभा होता. आत्याचं लग्न एकदाच झालं होतं, त्याच्याशी. त्याने आत्याकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, "हां. पहिला होता एक." आणि डबा घेऊन आत गेला.

पाहुण्यांना हायसं वाटलं. राजनंदिनीबाई तर आत्याला म्हणाल्या, "आजी, त्या काळात दुसरं लग्न करायचं धाडस दाखवलंत, खरंच मोठ्या आहात तुम्ही." आत्या खाली बघून वाकळीच्या घड्या घालू लागली. शेजारची गीताबाई कुंपणापाशी घागर कडेवर घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

येलदरीला सिद्धोधन गाडीतून उतरलाच नाही. डोकं दुखतंय म्हणाला. माणसं पाण्याचे फोटो काढून आली. परतीच्या वाटेवर जिंतूर गेलं, बोरी गेली. प्रत्येक गावापाशी तो ठरवायचा, आता सांगायचं, आणि गाव मागे पडायचं. परभणीत सगळे उतरले. राजनंदिनीबाई मागे राहिल्या होत्या. त्यांनी आत्याकडून विकत घेतलेली वाकळ सीटखाली ठेवली होती. ती काढून देताना सिद्धोधन म्हणाला, "म्याडम, आत्याला पहिला नवरा नव्हता. मी खोटं सांगितलं."

बाईंनी विचारलं, "मग त्या तसं का म्हणाल्या?"

"मला वाचवायला."

राजनंदिनीबाईंनी वाकळ छातीशी धरली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी आज त्यांच्यापुढे रडले हो. आणि तुम्ही मला रडू दिलंत." आणि रिक्षा थांबवून निघून गेल्या.

सिद्धोधनला वाटलं होतं, दोन दिवसांनी जाऊन आत्याचे पाय धरावेत. पण जायला तोंडच नव्हतं. आठवडा गेला, दुसरा गेला. मग मानवतहून फोन आला. मनिषाचा. मनिषा म्हणजे आत्याची एकुलती एक मुलगी, मानवतला दिलेली. ती आणि सिद्धोधन एका ताटात जेवलेले.

"दादा, एक विचारू?" तिचा आवाज कोरडा होता. "माझा बाप कोन हाय?"

"मनू, काय बोलायलीस?"

"माझ्या सासूनं विचारलं. गीताबाईची भाची आमच्या गल्लीत दिली. ती सांगायली, सरजाबाईला पहिला नवरा होता, पोरगी त्याची का ह्याची कुनाला ठाव. आईला फोन केला तर आई रडायली. बाबा फोनवर येईनात. काय झालंय तिथं?"

त्याने तिला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुला माझा बाप मेलेला लय शोभला का रे?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सावळवाडीला पोचला. मामा गोठ्याजवळ बसला होता. पूर्वी तो संध्याकाळी चावडीपाशी चार माणसांत बसायचा. आत्या म्हणाली, आता जात नाहीत. गेले की कुणीतरी विचारतं, "आश्रुबा, पहिला कसा होता रे?" आणि बाकीचे हसतात.

सिद्धोधन मामाच्या पायांशी बसला. "मामा, चुकलं."

आश्रुबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मला मारलंस त्याचं काय न्हाई. आज न्हाई उद्या मरनारच हाय. पन ती माज्यासमोर खोटं बोलली. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. अन् मलाबी बोलावं लागलं." तो थांबला. "तू तिथं उभा होतास. तुला एक शब्द बोलता आला असता."

"हां, मामा."

"का बोलला न्हाईस?"

"इज्जत जाईल म्हणून."

"मग कुनाची गेली?"

आत्याने आतून भाकरीचं ताट आणून सिद्धोधनपुढे ठेवलं, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

पौर्णिमेला सावळवाडीच्या विहारात सगळी वस्ती जमते. सिद्धोधन त्या संध्याकाळी मुद्दाम आला. वंदना सुरू झाली. सगळ्यांबरोबर तोही पंचशील म्हणत होता; खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि तेवढं सोडून तो पुढचं म्हणाला. वंदना संपल्यावर माणसं उठायच्या आत तो पुढे जाऊन उभा राहिला.

"माझ्या आत्याचं एकच लग्न झालंय," तो म्हणाला. "आश्रुबा मामाशी. मी सहलीतल्या लोकांना मामा मेले म्हणून सांगायचो. एकदा नाही, लय वेळा. लोकांना रडू यावं म्हणून. आपल्यात विधवेची टिकली पुसत नाहीत, हे पण मी त्या खोट्यात घातलं. आत्या मला वाचवायला तसं बोलली. आता कुणाला बोलायचं असलं तर तिला नाही, मला बोला."

मग बायकांतून गीताबाई म्हणाली, "बोलू तर. भाड्यानं मानसं आनून घरात बसवतोस अन् घरच्याच मानसाला पुरतोस." तिलाही कदाचित अवघडल्यासारखं झालं असावं, कारण एवढं बोलून ती आत्याशेजारी सरकून बसली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता सहल बंद का चालू?" काही जण हसले. सिद्धोधन मान खाली घालून उभा राहिला. आश्रुबा विहारात आलाच नव्हता.

त्याच रात्री सिद्धोधनने मनिषाच्या सासूलाही फोन करून हेच सगळं सांगितलं. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या घरचं तुमी बगा." मनिषाला पुढे कुणी काही विचारलं नाही, पण ती सिद्धोधनशी कामापुरतंच बोलते.

सहल अजून चालू आहे. दुपारचं जेवण आता जिंतूरला असतं. गाडी सावळवाडीच्या फाट्यावरून सरळ पुढे जाते. शेजारच्या बायकांनी एकदोनदा निरोप पाठवले, आमच्या वाकळी तरी दाखव म्हणून. अजून त्याची हिंमत झालेली नाही. आश्रुबा पुन्हा चावडीवर बसू लागलाय. सिद्धोधन घरी आला की तो उठून जात नाही, मात्र त्याच्याशी बोलायचं ते आत्याला सांगतो: "त्याला म्हन, चहा घे."

गेल्या हिवाळ्यात सिद्धोधनने दोघांना म्हटलं, एवढी दुनिया मी चारठाण्याला नेतो, तुम्ही कधी बघितलं नाही, चला एकदा. मामा नको म्हणाला. आत्या आली. रिकाम्या गाडीत पुढच्या सीटवर पदर सावरून बसली.

देवळांपाशी तो तिला हळूहळू फिरवत होता. हे शिखर पडलंय, इथे मंडप होता, ही बारव, ह्या पायऱ्या. एका उंच खांबाजवळ तो सवयीने सांगायला लागला. हा शेकडो वर्षांचा आहे, एवढं कोरीव काम या भागात फार थोड्या ठिकाणी आहे. आत्या वर बघत होती. मग तिने त्याच्याकडे वळून, अगदी साधेपणाने, टोमणा नाही की राग नाही, विचारलं, "हे खरं हाय का, सिद्धू?"

ऊन डोक्यावर आलं होतं. सिद्धोधनने खांबाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"खरं हाय, आत्या."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या देवळाकडे चालू लागली.