खरं लिहा म्हणे!

मे महिन्यात माजलगावला आमचं लेखन शिकवण्याचं प्रशिक्षण होतं. वर तापलेले पत्रे, खाली आम्ही चाळीस मास्तर-मास्तरणी, आणि पंख्याचा नुसता आवाज. माझं डोकं आधीच तापलेलं. वीस वर्षं निबंध शिकवते मी, आणि हे काल मिशा फुटलेलं पोरगं आता मला शिकवणार!

प्रशिक्षक म्हणाला, "मुलांना देता तो विषय आधी तुम्ही लिहा. माझी सुट्टी." लिहिलं. त्यानं कागद वाचले आणि हसायलाच लागला. निम्मे लोक कागदावर मामाच्या गावाला जाऊन आंबे खाऊन आले होते. मीसुद्धा! माझा मामा बीडमध्ये पंक्चर काढतो. फळ्यावर तेच ते लिहून देऊन आमच्याच हाताला ती सवय लागली होती.

"आता खरं लिहा," तो म्हणाला. "विसरता येत नाही असा एक दिवस."

मला काय झालं कुणास ठाऊक, लिहीतच सुटले.

माझ्या वर्गात चौथीची एक मुलगी होती. आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, परतली की शाळेत यायची. एप्रिलमध्ये मी 'माझी सुट्टी' फळ्यावर लिहून दिला, सगळ्यांनी उतरवला. हिनं आपलाच लिहिला. मुकादमानं फडात बापाला उसानं मारलं, खाली पडला तरी मारलं, कानातून रक्त आलं, आई मोळ्या बांधत राहिली. त्या दिवशी साहेब वह्या तपासायला येणार होते. "फळ्यावरचं दिसत न्हाई का गं तुला?" म्हणत मी लाकडी पट्टीनं तिला हाणलं. हातावर, मग पाठीवर. पट्टी मोडली तर तुकड्यानं मारलं. ती रडेना, म्हणून मी आणखी पेटले. पान फाडून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

हे मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. माझी मलाच शिसारी आली. ठरवलं, माफी मागायची आणि जूनमध्ये तिला पुन्हा शाळेत आणायचं.

प्रशिक्षण संपलं त्याच दिवशी तेलगावची एसटी धरली आणि पुढं चालत तिच्या वस्तीवर गेले. बाप बाजेवरून उठला, पोरीनं पाणी आणलं. मी सरळच बोलले, "दादा, माझं चुकलं, मी हिला मारलं. मुकादमानं तुम्हाला कसं मारलं ते हिनं खरंखरं लिहिलं होतं. लई चांगलं लिहिलं होतं. पुन्हा पाठवा तिला."

बापाला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळा नको, एवढंच ती घरी बोलली होती.

त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. पोरीच्या झिंज्या धरून त्यानं तिला अंगणात ओढलं. "कावून लिव्हलं गं? मुकादमाच्या कानावर गेलं तर औंदा कोण नेईल आमाला?" थोबाडीत, पाठीत, मग लाथ. ती आताही रडेना. मी मध्ये पडले, त्याचा हात धरला. "अहो, लेकराला असं मारता व्हय? सोडा तिला!"

तो थांबला. धापा टाकत, पण आदरानंच त्यानं विचारलं, "मॅडम, तुमी बी ह्याच्यापाईच हाणलं ना तिला?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणाले, आणि त्याचा हात माझ्या हातून सुटला.