हारला तं आजोळी

मी इंद्रभान, केनवडचा. आठ एकराचा शेतकरी. माह्या तोंडी लागाले गावात कोनी पाहत नाई, तोंडच तसं हाय माहं. पण हे सांगतानी माही मान खाली जाते, ते आधीच सांगून ठेवतो.

पोराले, जगदेवले, कुस्तीचा नाद मीच लावला. आठ वर्साचा होता तवापासून पाहाटे मीच त्याले उठवो, मीच जोर काढाले लावो. बारा वर्साचा होईपर्यंत त्यानं तीन जत्रांतले फेटे आनले. फेटा पोराले मिळे, पण गावात तो बांधून मी मिरवो. लोक टोमना मारत, "फेटा कोनाचा अन् मुंडकं कोनाचं!" मी हासून सोडून देवो.

बायको प्रयागबाई, तिचं माहेर धनज. बैलगाडीनं तीन दिवसांची वाट. आमच्याकडं आखाजीच्या सनाले लेकीले न्याले माहेरून मानूस येते, मुऱ्हाळी म्हनतात त्याले. तिचा भाऊ दरसाल गाडी जुपून ये. पन नेमक्या त्याच वक्ताले जत्रा, अन् जत्रेत जगदेवची कुस्ती. चार साल मी त्याले रिकाम्या गाडीनं परत धाडलं. "पोराची जोड ठरली हाय, पुढच्या साली पाहू." प्रयागा भावाले भाकरी बांधून दे अन् गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहे.

छपन्न साली तो पुन्हा आला. म्हने, "भाऊजी, मायचे डोळे चालले. नुसता उजेड दिसते तिले. पोराले एकडाव घेऊन या म्हनते."

तरी माहा हेका सुटला नाई. म्हटलं, "दोन दिवस थांबा. परवा जत्रेत कुस्ती हाय. जिंकला तं त्याले मोठ्या मैदानात न्या लागते. हारला तं आजोळी जाऊ, चांगले पंधरा दिवस राहू." पोट्टं हारत नाई, हे मले पक्कं ठावूक होतं, म्हनूनच मी असा उदार झालो. जगदेव तिथंच बैलाईले पानी पाजून राह्यला होता.

जत्रेत त्याच्यापुढं उतरला तो पोरगा हाडाचा किडकिडा. मी सुपारी चघळत निवांत बसलो. सलामी झाली, हात भिडले, अन् दुसऱ्याच झटक्यात माहं पोरगं चित. सारं मैदान हासलं. मागून कोनीतरी म्हनलं, "इंद्रभान, आता डोक्याले काय बांधतं?"

माही तळपायाची आग मस्तकात गेली. आखाड्यात उडी घेतली अन् चार गावच्या लोकाईपुढं पोराच्या तोंडात हानली. हातात तांब्याचं कडं होतं. भुवई फुटली, रगत आलं.

"इतकं दूध-तूप खाल्लं ते कुठं गेलं रे?"

त्यानं डोळ्यावरची माती पुसली. रडला नाई. हळूच म्हने, "हारलो ना बा. आता उद्या गाडी जुपू?"

धरनीनं पोटात घ्यावं असं झालं मले. बारा वर्साच्या लेकरानं मायसाठी सारं मैदान अंगावर हासवून घेतलं, अन् मी बाप म्हनवनारा त्याच्यावर हात उचलून बसलो. तिथंच त्याले पोटाशी धराले पाह्यजे होतं. पन लोक पाहत होते. मी नुसतं "जुपू" म्हनलो.

तीन दिवस गाडीत मायलेकरं बोलत होती, हासतही होती. मले कोनी कायी म्हनलं नाई. मी अर्ध्याच्या वर वाट गाडीच्या मांगून पायीच चाललो.

धनजले सासूबाई, कस्तुराबाई, दारातच बसून होत्या. जगदेवले पुढ्यात घेतलं अन् दोन्ही हातानं त्याचं तोंड चाचपून पाहू लागल्या. भुवईवर बोट थांबलं.

"हे काय लागलं रे राजा?"

"कुस्तीत लागलं, आजी."

"ज्यानं मारलं त्या मेल्याचा हात मोडो." मंग माह्या चाहुलीकडं तोंड वळवून म्हनल्या, "जावईबापू, तुमी कुठं होते तवा?"

जगदेवनं खाली पाह्यलं. प्रयागा माह्याकडं पाहून राह्यली होती, आता तरी मी खरं बोलन म्हनून. मी पाय धुवाले पानी मांगतलं.